पाकोळीला पोरगी देत नाहीत

चाळीस पाकळ्या लसूण सोलून झाला, तरी लुक्रेसियाची निळी फाइल काही सापडली नव्हती.

"नोना, तू नीट आठव ना," नात स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली. तिच्या केसांना कोळिष्टकं लागली होती. म्हणजे माळाही पालथा घालून झाला होता. "मी ती शिवणाच्या मशिनवर ठेवली होती. दोन आठवड्यांपूर्वी. सगळे दाखले आहेत त्यात. तुझ्या जन्माचा, आईच्या लग्नाचा, माझा."

"तूच कुठेतरी ठेवली असशील," ओलिंदा म्हणाली. "तुझे आजोबा असेच. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर."

यात सरळसरळ खोटं असं एकही वाक्य नव्हतं, आणि शहात्तराव्या वर्षी ओलिंदाला तेवढं पुरत असे.

तेवढ्यात लुक्रेसियाची आई सुलेमा भाज्यांची टोपली घेऊन आत आली. कोबी, लाल मिरच्या, कार्डोचे पांढरे देठ. टोपली ओट्यावर ठेवून ती सरळ कपाटाकडे वळली. "आई, जोडीला थोडी पोलेंता टाकते. ओस्मारचं नुसत्या भाज्यांनी पोट भरत नाही."

"नको. मक्याच्या पिठाला किडे लागलेत."

"मग डबा रिकामा करते."

"हात लावू नकोस. उद्या कोंबड्यांना घालणारे मी."

सुलेमाने आईकडे जरा बघितलं. पण नऊ जुलैला या घरात आईशी वाद घालायचा नसतो, तो जेवणाच्या टेबलावर घालायचा असतो. ती कोबी चिरायला बसली.

नऊ जुलै म्हणजे देशाचा स्वातंत्र्यदिन, आणि मोन्दीनोंच्या घरात नोनोचाही, म्हणजे आजोबांचाही, दिवस. सेकोंदो मोन्दीनो, ओलिंदाचा बाप, इटलीतल्या पिएमोन्तेहून बोटीने आला तो १९१० साली, गव्हाच्या कापणीला. १९१६च्या नऊ जुलैला, स्वातंत्र्याच्या शताब्दीच्या दिवशी, तो तीन दिवस शहरात जाऊन आला आणि येताना अर्जेंटिनाचा नागरिक होऊन आला, असं सगळ्यांना पाठ होतं. तो कागद जेवणघराच्या दारावर, हात पुरणार नाही इतक्या उंच, काचेच्या चौकटीत टांगलेला होता. शहाऐंशी वर्षांच्या उन्हाने आणि धुराने त्यावर आता वर राष्ट्रचिन्ह, खाली शिक्का आणि मधे चहासारखा तपकिरी रंग एवढंच उरलं होतं. दर नऊ जुलैला सगळ्यांनी छातीवर निळी-पांढरी फीत लावायची, त्या कागदाखाली बसायचं आणि नोनोच्या आईच्या गावची बान्या काउदा खायची. मातीचं भांडं निखाऱ्यावर, त्यात लसूण, खारवलेले मासे, तेल आणि साय. भाजीचा तुकडा काट्याला टोचायचा, सगळ्यांनी एकाच भांड्यात बुडवायचा. नियमही नोनोचाच. ज्याचा तुकडा भांड्यात पडला, त्याने दुसरं भांडं येईस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही.

यंदा मात्र त्या कागदाकडे कुणी प्रेमाने बघत नव्हतं. मार्चमध्ये गावाची, सान्ता फेलिसाची, दूध डेअरी बंद पडली. लुक्रेसिया तिथे चीज करायची, आणि तिच्यासारखं चीज करणारं माणूस त्या बाजूला शंभर कोसांत नव्हतं. पण २००२ साल होतं. शंभर कोसांत कामही नव्हतं. अर्धं गाव रोसारियोला इटलीच्या वकिलातीच्या रांगेत उभं होतं. पणजोबाचा जन्मदाखला शोधत नव्हतं असं घर उरलं नव्हतं. लुक्रेसियाला तिकडच्या आल्बाजवळच्या एका चीजवाल्याने पत्रही पाठवलं होतं: पासपोर्ट घेऊन या, काम आहे. वकिलातीची वेळही मिळाली होती, ऑगस्टच्या वीस तारखेची. आडवा येत होता तो नोनोच. पोरं जन्मायच्या आधी त्याने इथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर साखळी तिथेच तुटली. घेतलं नसेल, तर ओलिंदा इटालियन, सुलेमा इटालियन आणि लुक्रेसियाही.

आणि घेतलं होतं, हे तर भिंतीवरच टांगलेलं.

*

एदेल्मिरो आला तो शाळेतला झेंडा, भाषण आणि टाळ्या अंगावर घेऊनच. ओलिंदाचा हा थोरला. सत्तावीस वर्षं मास्तरकी करून निवृत्त झाला होता, पण अजून घरातही फळ्यासमोर उभा असल्यासारखा बोलायचा. त्याच्यामागून त्याची बायको इर्मा, हातात केक.

"झालं," तो खुर्ची ओढत म्हणाला. "नगरपालिकेने ठराव पास केला. चौकात फलक लागणार. 'सेकोंदो मोन्दीनो, या वसाहतीचा पहिला नागरिकत्व घेतलेला परदेशी.' संगमरवर. उद्या ही चौकट फोटोसाठी नेतोय मी."

"ने," सुलेमा म्हणाली. "नेताना वाटेत ओढ्यात पाडता आली तर बघ."

"सुलेमा."

"सुलेमा काय? एका तपकिरी कागदासाठी माझी पोरगी डेअरीच्या कुलपाकडे बघत बसलीये. तो कागद आज नाहीसा झाला, तर कुणाचं काय जातंय?"

"कागद नाहीसा केला म्हणून नोंद नाहीशी होते का? ब्युनोस आयर्सला निवडणूक न्यायालय आहे. तिथे प्रत्येकाची नोंद आहे. वकिलातीला तिथला दाखला लागतो, तुमच्या भिंतीवरचा नाही."

"मग तिथे विचारूया तरी. गेले तीन महिने तूच म्हणतोयस, विचारू नका, घराण्याची शोभा होईल."

"विचारून काय उत्तर येणार? त्याने शपथ घेतली. आपण त्याच शपथेखाली जेवतोय. दर वर्षी माझा चौथीचा वर्ग इथे या दाराखाली उभा करून मी सलामी द्यायला लावली आहे. सत्तावीस वर्गांना."

सुलेमाचा नवरा ओस्मार भाज्यांकडे दुःखी नजरेने बघत होता. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि कुटुंबाच्या भांडणात क्वचितच पडायचा. पडला की मात्र पाना घेऊन पडल्यासारखा. "एक विचारू का? नोनो नागरिक होता ना? मग मतदान सक्तीचं. माझ्या आजाने सांगितलंय, दर निवडणुकीला नोनोची मूतखड्याची कळ उठायची. दर. आदल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. त्याच दिवशी, सकाळी आठला."

"त्याला खरोखरच मूतखडा होता," एदेल्मिरो म्हणाला.

"तीस वर्षं? लोकशाहीवादी खडा होता म्हणायचा."

एदेल्मिरो उत्तर द्यायला पुढे झुकला, आणि त्याच्या काट्यावरची मिरची अलगद भांड्यात पडली.

मग सुलेमा इतकी गोड हसली, की लहानपणी भावाच्या बुटात बेडूक ठेवताना ती अशीच हसली होती, हे ओलिंदाला स्पष्ट आठवलं. एदेल्मिरोने तोंड उघडलं, बायकोकडे बघितलं, तोंड मिटलं. नोनोचा नियम मोडणारा तो पहिला मोन्दीनो होणार नव्हता.

"आता शांतपणे बोलू," सुलेमा म्हणाली. "आई, चौकट मागच्या निखाऱ्यावर टाकायची, आणि मग न्यायालयाला पत्र लिहायचं. नोंद असेल तर असेल. पण निदान हा तरी उद्या छाती काढून फोटो काढायला जाणार नाही, आणि वकिलातीच्या कानावर जाणार नाही."

"तुझं म्हणणं मला मुळीच पटत नाही," इर्मा म्हणाली. ती आजवर नवऱ्याच्याच बाजूने उभी राहत आली होती, निदान त्याच्यादेखत. "घराण्याची अब्रू असते काही. बरं, समजा नोंद नसेलच, तर ते फक्त मुलीकडून जातं का? म्हणजे लुक्रेसियालाच?"

"मुलाकडूनही जातं. एदेल्मिरोकडून तुझ्या दोन्ही पोरांना जाईल."

इर्माने कोबीचं पान सावकाश बुडवलं, सावकाश खाल्लं. तिचा धाकटा सहा महिन्यांपासून दिवसभर गिटार वाजवत घरी बसला होता. "काच काढून कागद तेवढा जाळला," ती म्हणाली, "तर चौकट वाया जाणार नाही."

एदेल्मिरोच्या घशातून आवाज आला. शब्द नव्हता, त्यामुळे नियमात बसत होता. तो उठला आणि जेवणघराच्या दाराखाली, दोन्ही हात पसरून, सीमेवरच्या शिपायासारखा उभा राहिला.

"बस खाली, निवतंय सगळं," ओस्मार म्हणाला. मग त्याने सासूकडे मान वळवली. "आई, तुम्ही त्याच्या लाडक्या होतात. शेवटपर्यंत तुमच्याजवळ होता. तुम्हाला कधी काही बोलला का तो? शहरात नेमकं काय झालं त्याबद्दल?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. दाराखालचा एदेल्मिरोसुद्धा.

ओलिंदाच्या काट्यावर कार्डोचा देठ होता. तो तिने भांड्यावर धरला, काटा किंचित तिरपा केला, आणि सोडला.

देठ बुडाला. वर दोन बुडबुडे आले.

"अगं बाई," इर्मा म्हणाली. शहात्तर वर्षांत ओलिंदाचा तुकडा भांड्यात पडलेला कुणी पाहिला नव्हता.

ओलिंदाने ओठांवर बोट ठेवलं, लाजल्यासारखं केलं आणि नॅपकिनने तोंड पुसलं. बापाचा नियम असा उपयोगी पडेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

*

ती दहा वर्षांची होती तेव्हा ईस्टरच्या सफाईला शिडीवर चढून तिने त्या चौकटीची काच पुसली होती. शाळेत नुकतीच वाचायला सराईत झालेली पोर; जिथे अक्षर दिसेल तिथे वाचायची. तेव्हा शाई अजून काळी होती. तिने वाचलं, खाली उतरली आणि गोठ्यात जाऊन बापाला विचारलं. बापाने दूध काढणं थांबवलं नाही. सगळं सांगून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "तुझी आई जिवंत आहे तोवर नाही, ओलिंदा." तिने मान डोलावली होती. पुढे आई गेली, बाप गेला. मग कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची या घरात पद्धत नव्हती.

या मार्चपर्यंत ते गुपित म्हणजे जुन्या बाळंतविड्यासारखं होतं. पेटीच्या तळाशी, कुणाच्या कामाचं नाही, टाकवत नाही. आता एकदम त्याला वजन आलं होतं. ती बोलली तर पोरगी जाणार. गप्प राहिली तर राहणार. फक्त गप्प राहायचं. म्हाताऱ्या बाईला यापेक्षा सोपं काम कुठलं?

"भांडू नका," लुक्रेसिया म्हणाली. इतका वेळ ती एक अक्षर बोलली नव्हती, आणि तिचा तुकडाही पडला नव्हता. "आई, जाळू नकोस काही. मामा, तू ये, बस. मी उद्या वकिलातीत फोन करून वेळ रद्द करणारे. फाइल नाही, न्यायालयाचा दाखला नाही, आणि दाखला येणार तोही 'होय, नागरिक होता' असाच. दुसऱ्या कुणाला तरी ती वेळ मिळू दे. फेरेरोंच्या हार्डवेअरच्या दुकानात माणूस हवंय. मी बोलले त्यांच्याशी."

"खिळे विकणार?" सुलेमा म्हणाली.

"खिळे कधी नासत नाहीत. बरं आहे."

ओलिंदाने काटा बशीत ठेवला. पोरगी राहिली. संध्याकाळी सायकलवरून येईल, अंगणात सायकल आपटेल, 'नोना, काय आहे खायला' म्हणेल. रविवारी चुलीवर मेम्ब्रियोच्या फळांचा मुरांबा. आणखी किती वर्षं उरलीत? तेवढी तरी.

लुक्रेसिया उठली. खुंटीवरच्या आपल्या पिशवीतून तिने लांब, काचेचा दुधाचा थर्मामीटर काढला. तिच्या पहिल्या पगाराचा. त्याला ती झोपेतसुद्धा कुणाला हात लावू द्यायची नाही. फडक्यात गुंडाळलेला तो तिने इर्मापुढे ठेवला.

"मामी, तुला मुरांब्याला होईल. एकशे पाचला पाक बरोबर उतरतो."

"अगं, पण तुला—"

"मला आता कशाला?"

तिने हे रडत म्हटलं असतं तर ओलिंदाने निभावून नेलं असतं. रडणाऱ्या पोरी तिने पुष्कळ वाढवल्या होत्या. पण लुक्रेसिया बशीतला पाव मोडत, अगदी चांगल्या स्वभावाने, दुसऱ्याच्या वस्तूबद्दल बोलावं तसं बोलली. आणि ओलिंदाला एकदम एकसष्ट साल आठवलं. मागच्या खोलीतलं अंथरूण, त्यावर सुकत चाललेली आई, आणि तिने शेवटच्या आठवड्यात म्हटलेलं.

"काढ ती चौकट खाली," ओलिंदा म्हणाली.

सगळे दचकले. भांडं अजून तेच होतं. दुसरं भांडं आलं नव्हतं.

"आई, तू बोललीस," सुलेमा म्हणाली.

"बोलले. ज्याचा नियम आहे त्याला मी वर गेल्यावर उत्तर देईन. एदेल्मिरो, तू दारातच आहेस, खुर्ची घे आणि चौकट काढ. आणि तूही बोल, नाहीतर गुदमरशील."

"मी काढणार नाही," एदेल्मिरो म्हणाला. कोंडलेला आवाज फार मोठा निघाला. "त्या कागदावर आपल्या घराण्याची—"

"त्या कागदावर डुक्कर आहे, बाळ."

निखाऱ्यावर साय रटरटत होती.

"डुकरीण," ओलिंदाने दुरुस्ती केली. "शताब्दीच्या कृषी प्रदर्शनात मिळालेलं प्रशस्तिपत्र आहे ते. तिसरं बक्षीस."

"काढ," ओस्मार म्हणाला, पण वाट न बघता तोच खुर्चीवर चढला. चौकट खाली आली, मागे भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. त्याने ती तिरकी करून खिडकीच्या उन्हात धरली. तिरक्या उन्हात शाईचे ओरखडे उमटले. एदेल्मिरोने चष्मा लावला. वाचणं त्याचाच मान होता, आणि त्याने तो सोडला नाही.

"'स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त,'" त्याने वाचलं. इथवर आवाज खणखणीत होता. "'सान्ता फेलिसा वसाहतीचे श्रीयुत सेकोंदो मोन्दीनो यांस... मादी, वय तीन वर्षे, वजन दोनशे चाळीस किलो...'" तो थांबला. चष्मा काढला. "सत्तावीस वर्ग," तो म्हणाला. "सत्तावीस वर्गांना मी डुकरिणीला सलामी द्यायला लावली."

"चांगली मोठी होती पण," ओस्मार म्हणाला.

"एकूण किती होत्या प्रदर्शनात?" लुक्रेसियाने विचारलं.

"मीही हेच विचारलं होतं त्याला," ओलिंदा म्हणाली. "तीन."

मग तिने सांगितलं. बाप कापणीला आलेल्यांतला होता. हंगामाला यायचे, हंगाम संपला की बोटीने परत. गावात त्यांना पाकोळ्या म्हणायचे. पाकोळीला कुणी पोरगी देत नसे. आणि सेकोंदोचं मन बसलं ते गुरांचा व्यापार करणाऱ्या लेदेस्मांच्या कासिमिरावर, ओलिंदाच्या आईवर. तिचा बाप म्हणाला, या देशाचा झाल्याचा कागद आण, मग लग्नाचं बोल. सेकोंदो निघाला. रिकाम्या हाताने शहरात कशाला जायचं, म्हणून डुकरीणही गाडीत घातली.

"रांगेत उभा राहिला तो," ओलिंदा म्हणाली. "पुढे अकरा माणसं. कारकून प्रत्येकाला शपथ घ्यायला लावायचा. याने गावी आपल्या आईला पत्र लिहिलं होतं, सुगी झाली की एकदा येऊन जातो म्हणून. मला म्हणाला, ओलिंदा, एका तोंडाने आईला येतो म्हणायचं आणि त्याच तोंडाने देवासमोर जात नाही म्हणायचं, हे जमेना. त्याचा नंबर आला आणि तो रांगेतून बाहेर पडला. बाहेर आला तर प्रदर्शनवाले त्याला शोधत होते. हातात कागद ठेवला. वर राष्ट्रचिन्ह, खाली शिक्का. लेदेस्मा आजोबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी राष्ट्रचिन्हाचं चुंबन घेतलं आणि कासिमिराचा हात याच्या हातात दिला."

"आणि तुमच्या आईला कळलंच नाही?" इर्मा म्हणाली. "पंचेचाळीस वर्षं?"

ओलिंदाने भांड्यातल्या आपल्या देठाकडे बघितलं. "मलाही तसंच वाटायचं. जायच्या आठवड्यात मला जवळ बोलावलं. म्हणाली, तो खिळा मी इतक्या उंच का मारला, ठाऊक आहे? कुणी वाचू नये म्हणून. लेदेस्मांच्यात वाचता येणारी मी एकटी होते. पहिल्याच दिवशी वाचलं. मी म्हटलं, आई, मग तू बोलली का नाहीस? तर म्हणते, दाव्याला बांधलेला बैल संध्याकाळी गोठ्यात असतो, त्यात कसलं कौतुक? हा मोकळा होता. रोज जाऊ शकत होता. आणि रोज संध्याकाळी घरी येत होता."

लुक्रेसियाने हात पुढे करून आजीच्या मनगटावर ठेवला. एदेल्मिरोने नाक शिंकरलं.

"तेव्हा ब्युनोस आयर्सला पत्र लिहा," ओलिंदा म्हणाली. "त्यांच्याकडे नोंद नाही. असूच शकत नाही. मूतखडा खोटा होता, ओस्मार."

ओस्मारने मान डोलावली. तो चौकट उलटी करून मागची फळी बघत होता. जुनं काही हातात आलं की उघडल्याशिवाय त्याला राहवत नसे. फळीच्या कडा वर्तमानपत्राने चिकटवल्या होत्या. त्याने जेवणाच्या सुरीने एक बाजू सोडवली. फळी सुटली, आणि काहीतरी पातळ, तपकिरी, चौकोनी टेबलावर पडलं. लसणाच्या सालांत.

ते पुस्तक होतं. इटलीच्या राजाच्या मुद्रेचा, १९१० सालचा पासपोर्ट. आत मिशा फुटलेल्या सेकोंदोची नोंद: उंची, केस, डाव्या भुवईवर व्रण.

ओलिंदा ते बघत राहिली. हे पुस्तक तिने कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा शोध पाहिला होता. दर वर्षी, सुगी संपली की, बाप पेटी अंगणात ओतायचा, कोठाराच्या फळ्या उचकटायचा, शिव्या घालायचा. आणि आई दारात उभी राहून शांतपणे म्हणायची, "उंदरांनी खाल्लं असेल, सेकोंदो. किती वेळा सांगू, या घरात उंदीर फार." त्या उंदरांचा पुरावा म्हणून आईने जन्मभर तीन-तीन मांजरी पाळल्या. घरात उंदीर कुणी पाहिला नव्हता.

"मोकळा होता म्हणे," ओस्मार म्हणाला.

आधी सुलेमा हसली, मग इर्मा. मग ओलिंदाला आतून असं काही हसू आलं की छातीवरची निळी-पांढरी फीत हलू लागली. आईने मरताना, तोंडावर संताचे भाव आणून, तिला चक्क बनवलं होतं.

"पण फलक," एदेल्मिरो म्हणाला. "मी नगरपालिकेला काय सांगू? दगड कोरायला गेलाय."

"कोरू दे," इर्मा म्हणाली. "नाव तेच राहील. खाली 'तिसरं बक्षीस' घाल."

"आणि तू आता इटालियन आहेस," सुलेमा म्हणाली. "जन्मापासून. चोपन्न वर्षं झाली. पुढच्या नऊ जुलैला भाषण कर."

एदेल्मिरो टेबलाशी येऊन बसला. त्याने पासपोर्ट हातात घेतला, आजोबाच्या भुवईवरच्या व्रणाची नोंद दोनदा वाचली, आणि आपल्या भुवईवरून उगाच बोट फिरवलं.

लुक्रेसिया मात्र हसता हसता थांबली होती. "पत्र जाईल, दाखला येईलही," ती म्हणाली. "पण फाइल कुठाय? ते सगळे दाखले पुन्हा काढायचे, शिक्के मारायचे, म्हणजे वीस ऑगस्ट नाही, दोन हजार चार उजाडेल. नोना, मी खरंच मशिनवर ठेवली होती."

ओलिंदाने टेबलावरच्या पासपोर्टकडे बघितलं, मग भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडे. आई पंचेचाळीस वर्षं गप्प बसली. तिला फक्त दोन आठवडे झाले होते, आणि तेवढ्यानेच पाठीत भरून आलं होतं. हे बायकांचं काम आईलाच जमायचं.

टेबलाचा आधार घेऊन ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. कपाटाचं दार वाजलं. परत आली ती मक्याच्या पिठाचा मोठा डबा पोटाशी धरून. तो तिने लुक्रेसियापुढे ठेवला, झाकण काढलं, बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

निळी फाइल पिठातून वर आली. ओलिंदाने तिच्यावर फुंकर मारली. पिवळी पूड सगळ्यांच्या फितींवर, केकवर, राजाच्या मुद्रेवर बसली. मग तिने इर्मापुढचा थर्मामीटर उचलला, फडक्याने पुसला आणि फाइलवर आडवा ठेवला.

लुक्रेसिया आजीकडे बघत राहिली. तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिचा तर तुकडाही पडला नव्हता.

"आई," सुलेमा हळूच म्हणाली, "पिठाला किडे लागले होते ना?"

"लागले होते," ओलिंदा हात झटकत म्हणाली. "आत्ता निवडले. जा, दुसरं भांडं आण, आणि पोलेंता टाक. ओस्मार उपाशी आहे."